न उतरलेली गोळी : पिल्लाची आणि पोराचीही

गेल्या वर्षी द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांतली गोष्ट. सकाळची ओपीडी संपत आली होती. विट्याजवळच्या एका गावचे आमचे जुने पेशंट दवाखान्यात आले. त्यांना सारा गाव आप्पा म्हणतो. तीस वर्षे कोइमतूरला गलाईचा धंदा करून ते गावी परतले आहेत आणि आता द्राक्षबाग पाहतात. डाव्या हाताची बाही वर सरकवलेली, काखेत वायरची पिशवी, आणि पिशवीतून एक लांबट, काळसर तोंड बाहेर आलेले.

"डॉक्टरसाहेब, ह्यानं दात लावला. इंजेक्शन घ्यावं लागंल का?"

पाहिले तर मनगटाच्या वर दाताचा ओरखडा होता, रक्त आलेले नव्हते. पिल्लाला अजून एकही लस टोचलेली नव्हती. आधी साबण लावून पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली हात धुवायला लावला आणि रेबीजच्या लसीचा पहिला डोस दिला. पिल्लू घरचे असले, छोटे असले, तरी ओरखड्याकडे दुर्लक्ष करू नये, हे या सदरात पूर्वीही लिहिले आहे.

आप्पा उठले, पण जाईनात. पिल्लू पिशवीतून काढून त्यांनी टेबलावर ठेवले.

"आता आलोयच तर ह्याला बी जरा बघा. एकच गोळी हाताला लागतीया. दुसरी कुटं गेली?"

"आप्पा, मी माणसांचा डॉक्टर. जनावरांच्या दवाखान्यात दाखवा."

"आवो, गोळी ती गोळी. माणसाची काय न् कुत्र्याची काय!"

आप्पांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. मी हात लावून पाहिले. उजवी गोळी पिशवीत नव्हती. जांघेतही लागली नाही. पिल्लू कारवानी जातीचे, अस्सल म्हणून जतच्या बाजूने पंधरा हजार रुपये मोजून आणलेले. वय अडीच महिने. बागेला राखण होईल, आणि पुढे नर म्हणून लावून पैसेही वसूल होतील, असा आप्पांचा हिशेब होता.

वैद्यकीय भाषेत ज्याला वृषण म्हणतात त्याला आपल्याकडे बोलीत गोळी म्हणतात. या लेखात मी तोच शब्द वापरतो. विषय थोडा अवघड वाटेल, पण लाजण्यासारखे त्यात काही नाही, आणि लाजेपायी काय होते तेही पुढे सांगणार आहे.

गोळी वरून खाली येते

गोळी जन्मतःच पिशवीत तयार होत नाही. गर्भात ती पोटात, मूत्रपिंडाच्या जवळ तयार होते. तिथून एका जाड दोरीसारख्या पेशीबंधाच्या आधाराने ती हळूहळू खाली सरकते, जांघेतल्या बोगद्यातून बाहेर पडते आणि पिशवीत येऊन बसते. माणसाच्या बाळात हा प्रवास बहुधा जन्माआधीच, शेवटच्या दोन-तीन महिन्यांत पुरा होतो. कुत्र्याच्या पिल्लात मात्र त्याचा शेवटचा टप्पा जन्मानंतर होतो. पहिल्या काही दिवसांत गोळी जांघेतून बाहेर पडते आणि सुमारे पाच आठवड्यांत पिशवीत स्थिर होते. दोन महिन्यांच्या पिल्लाच्या दोन्ही गोळ्या बोटांना लागायला हव्यात.

एवढा प्रवास कशासाठी? तर थंडाव्यासाठी. पिशवीतले तापमान शरीराच्या तापमानापेक्षा दोन ते चार अंशांनी कमी असते. शुक्राणू तयार व्हायला हा थंडावा लागतो. हत्तीच्या गोळ्या जन्मभर पोटातच असतात आणि त्याचे काही बिघडत नाही, पण कुत्र्याची व माणसाची घडण तशी नाही. गोळी पोटाच्या उष्णतेत राहिली तर ती नीट वाढत नाही, शुक्राणू बनवत नाही, आणि पुढे तिच्यात गाठ होण्याचा धोका वाढतो.

प्रवास मध्येच थांबला की गोळी पोटात किंवा जांघेत अडकते. कुत्र्यांत हा दोष बऱ्यापैकी आढळतो. उजवी गोळी जास्त वेळा अडकते. पॉमेरेनियन, पूडल, चिवावा अशा लहान जातींत त्याचे प्रमाण अधिक आहे, जर्मन शेफर्ड व बॉक्सरमध्येही तो दिसतो. शुद्ध जातीची पैदास थोड्या कुत्र्यांतून, जवळच्या नात्यातच होत राहिली की असे दोष वर येतात.

आपल्या भागातली जात

आप्पांचे पिल्लू ज्या जातीचे, तिला आपल्याकडे कारवानी म्हणतात. सीमेपलीकडे कर्नाटकात तिला मुधोळ हाउंड म्हणतात, आणि केनेल क्लब ऑफ इंडियाच्या दप्तरी तिचे नाव कॅरव्हान हाउंड असे आहे. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या जातीला राजाश्रय दिला. २००५ साली टपाल खात्याने भारतीय कुत्र्यांवर चार तिकिटे काढली, त्यांतले एक मुधोळ हाउंडचे होते. आपल्या जत, आटपाडी, माण भागात धनगरांच्या मेंढरांबरोबर हे उंच, बारीक कमरेचे कुत्रे पिढ्यान्‌पिढ्या हिंडत आले आहे.

अलीकडे या जातीला भाव आला. भाव आला की घाईची पैदास येते. म्हणूनच हा विषय आपल्या जिल्ह्यातल्या वाचकांना परका नाही.

खरसुंडीच्या बाजारात खिलार खोंड घेणारा शेतकरी दात पाहतो, खूर पाहतो, आणि पैदाशीसाठी घ्यायचा असेल तर मागे जाऊन दोन्ही गोळ्याही पाहतो. त्याला कोणी शिकवावे लागत नाही. कुत्र्याचे पिल्लू घेताना मात्र आपण त्याचे कान, शेपूट आणि विकणाऱ्याने दाखवलेले आईबापाचे फोटो पाहून पैसे मोजतो.

पिल्लू घेताना काय पाहावे?

माझे एक स्नेही पशुवैद्यक आहेत. सातारा जिल्ह्यात शिरवळला जे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे त्यांचे शिक्षण झाले. आप्पांना मी त्यांच्याकडेच पाठवले आणि संध्याकाळी फोन करून सारे विचारून घेतले. त्यांनी सांगितले ते असे :

नर पिल्लू आठ आठवड्यांच्या आत घेऊ नये. त्याआधी गोळ्यांविषयी खात्रीने काही सांगता येत नाही, शिवाय पिल्लाला आईजवळ राहण्याची गरज असते.

तपासताना पिल्लू शांत व उबेत असावे. थंडीने किंवा भीतीने गोळ्या वर ओढल्या जातात आणि नसल्यासारख्या वाटतात. पिल्लाला उभे धरून मागच्या पायांमधून अंगठा आणि बोट हलकेच फिरवावे. वाटाण्यापेक्षा लहान अशा दोन गुळगुळीत गोळ्या लागतात. जांघेतली चरबी किंवा लसग्रंथीची गाठ हीच गोळी समजण्याची चूक पुष्कळांची होते. म्हणून पैसे देण्याआधी पिल्लू पशुवैद्यकाला दाखवणे उत्तम.

एक गोळी लागत नसेल तर "आज ना उद्या उतरेल" या शब्दावर पैसे पुरे देऊ नयेत. काही पिल्लांत ती उशिरा उतरते हे खरे. पण चार महिन्यांनंतर शक्यता फार कमी उरते, आणि सहा महिन्यांनंतर वाट पाहण्यात अर्थ नसतो. जांघेतला रस्ता तोवर बंद झालेला असतो. तेव्हा पावतीवर लिहून घ्यावे : सहा महिन्यांपर्यंत दोन्ही गोळ्या न उतरल्यास किती रक्कम परत. तोंडी बोली पुढे आठवत नाही.

आणि त्याच आईबापाच्या आधीच्या वेताची चौकशी करावी. हा दोष बहुतांशी आनुवंशिक आहे. तो बापाकडून येतो तसा आईकडूनही येतो. आईला गोळ्या नसतात म्हणून तिच्यात तो दिसत नाही, एवढेच. ज्या जोडीला असे पिल्लू झाले ती जोडी पुन्हा लावू नये.

एकच गोळी असेल तर?

आप्पांनी मधल्या काळात सगळे उपाय करून पाहिले. कोणी सांगितले, एरंडेल तेलाने जांघ चोळा. कोणी सांगितले, हार्मोनचे इंजेक्शन द्या. माझ्या स्नेह्यांनी दोन्हीला नकार दिला. चोळण्याने अडकलेली गोळी सरकत नाही, उलट पिल्लाला इजा होते. इंजेक्शनाने कुत्र्यात गोळी उतरते याला खात्रीलायक आधार नाही. शस्त्रक्रिया करून ती खाली ओढून बसवणे तांत्रिकदृष्ट्या जमते, पण प्रामाणिक पशुवैद्यक ते करत नाहीत. कारण तसे केले की कुत्रा वरून निर्दोष दिसतो, पैदाशीला वापरला जातो, आणि दोष शंभर पिल्लांत पसरतो. जातीच्या प्रदर्शनात नराच्या दोन्ही गोळ्या पिशवीत असाव्या लागतात, नसतील तर तो बाद होतो. हा नियम यासाठीच आहे.

मग करायचे काय? सहा महिन्यांनंतर, पशुवैद्यक सांगतील त्या वयात, दोन्ही गोळ्या काढून टाकायच्या. फक्त अडकलेली एक काढून भागत नाही. उरलेल्या गोळीने कुत्रा बाप होऊ शकतो आणि दोष पुढे जातो. अडकलेली तशीच ठेवणेही बरे नाही. अशा गोळीत गाठ होण्याचा धोका नेहमीच्या कुत्र्यापेक्षा दहा पटींच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक असतो. त्यातली एक गाठ स्त्री-हार्मोन सोडते. मग नराची आचळे मोठी होतात, अंगावरचे केस झडतात, रक्त कमी होते. पोटातली गोळी कधी कधी स्वतःभोवती पिळही खाते, तेव्हा कुत्रा वेदनेने तळमळतो आणि तातडीने पोट उघडावे लागते. गोळी पोटात खोल असेल तर सोनोग्राफीने ती कुठे आहे ते आधी पाहतात.

एक गैरसमज असा, की गोळ्या काढल्या की कुत्रा राखणीला निकामी होतो. तसे नाही. राखण ही जातीची आणि वळणाची गोष्ट आहे. खाणे आटोक्यात ठेवले तर कुत्रा सुस्तही होत नाही.

हे सारे ऐकून आप्पा दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आले ते चिडूनच.

"पंधरा हजार पाण्यात. आता ह्याला हायवेला न्हेऊन सोडतो, आन् काय!"

मी म्हटले, "आप्पा, बागेला राखण पाहिजे होती ना? राखणीला गोळ्या लागत नाहीत. दात लागतात, आणि ते चांगले आहेत हे तुमच्या हातावर दिसतंय."

आप्पा हसले. पण त्यांच्या पुढच्या एका वाक्याने मी मात्र गप्प झालो. ते म्हणाले, "पैसं मोजायच्या आधी बघाया पायजे हुतं. म्या बघितलंच न्हाई."

न पाहण्याची चूक माझ्याही नावावर आहे. ती इथे सांगतो.

माझी चूक

आमच्या दवाखान्यात सांगलीइतकेच सातारा जिल्ह्यातले पेशंट येतात. मायणीच्या बाजूच्या, खटाव तालुक्यातल्या एका गावातला मुलगा. १९९८ चा जन्म. तेव्हा माझी प्रॅक्टिस नवी होती. त्याचा पहिला ताप, पहिला जुलाब, कांजिण्या, शाळेत असताना मोडलेला हात, सारे माझ्याकडेच. वीस वर्षांत मी त्याला पन्नास वेळा तरी तपासले असेल. छाती पाहिली, घसा पाहिला, पोट दाबले. चड्डी खाली करून एकदाही पाहिले नाही.

त्या भागात घरटी एक जण फौजेत. या मुलालाही तेच वेड. पहाटे चारला उठून तो रस्त्याने पळायचा. २०१८ साली भरतीत मैदान मारले, धावण्यात पुढे होता. वैद्यकीय तपासणीत डाव्या बाजूला गोळी नाही म्हणून थांबवले गेले. ती जांघेत अडकलेली होती. ऑपरेशन करून या, असे सांगितले.

बाप त्याला घेऊन माझ्याकडे आला. मुलगा खाली मान घालून बसला होता. आई दाराजवळ उभी होती. ती हळूच म्हणाली, "ह्यो दोन म्हयन्यांचा आसताना न्हाऊ घालनारी मावशी बोलली हुती, एक गोळी दिसत न्हाई म्हनून. सासूबाई म्हनल्या, मोठा झाला की उतरंल. मग कुनी काय इचारलंच न्हाई."

विचारायला मी होतो. मी विचारले नाही. ज्या न्हाऊ घालणाऱ्या बाईला अक्षर येत नव्हते तिने जे दोन महिन्यांत पाहिले, ते मला वीस वर्षांत दिसले नाही.

ऑपरेशन झाले. गोळी पिशवीत बसवली, पण ती वाढीत मागे राहिली होती. जखम भरून पुढची भरती येईपर्यंत मुलाने एकविसावे ओलांडले होते. वयाची अट संपली. आज तो एका कारखान्यात नोकरी करतो, लग्न झाले आहे, एक मुलगी आहे. भेटला की नमस्कार करतो. मला मात्र त्याच्या नजरेला नजर द्यायला वेळ लागतो.

त्यानंतर मी एक नियम केला. लस टोचायला आलेला प्रत्येक मुलगा मी लंगोट काढून पाहतो. आयांना आधी नवल वाटते, मग त्याच दुसरी घेऊन येतात.

मुलांत हे किती आढळते?

पुऱ्या दिवसांच्या शंभर मुलग्यांत साधारण तिघांची एक किंवा दोन्ही गोळ्या जन्माच्या वेळी उतरलेल्या नसतात. दिवस पुरे होण्याआधी जन्मलेल्या मुलांत हे प्रमाण शंभरात तीसपर्यंत जाते. त्यांतल्या बऱ्याच मुलांत गोळी पहिल्या तीन ते सहा महिन्यांत आपोआप उतरते, आणि सहा महिन्यांनंतर शंभरात एखादाच मुलगा असा उरतो. म्हणजे "मोठा झाला की उतरेल" हे आजीचे म्हणणे सहा महिन्यांपर्यंत खरे आहे. त्यानंतर ते खरे नाही. वेळेआधी जन्मलेल्या मुलाचे सहा महिने मोजताना जितके आठवडे आधी जन्म झाला तितके सोडून मोजावेत.

एक सूचना महत्त्वाची. जन्मलेल्या बाळाच्या दोन्ही गोळ्या लागत नसतील, किंवा एक लागत नसून लघवीचे छिद्रही जागेवर नसेल, तर सहा महिने थांबायचे नाही. त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञाला दाखवायचे. क्वचित अशा बाळात हार्मोनचा गंभीर आजार असतो आणि त्यात दिवस महत्त्वाचे असतात.

घरच्या घरी कसे पाहावे?

आपल्याकडे बाळाला तेल लावून ऊन पाण्याने न्हाऊ घालण्याची पद्धत आहे. तपासणीला याहून चांगली वेळ नाही. अंग उबदार असते, बाळ सैल असते. न्हाणे झाल्यावर कोरड्या, गरम हातांनी पाहावे. एका हाताची बोटे जांघेपासून पिशवीकडे हलकेच सरकवत आणावी आणि दुसऱ्या हाताच्या अंगठा-बोटात गोळी लागते का ते पाहावे. दोन्ही बाजू पाहाव्या. जोर लावू नये, चोळू नये.

मूल दोन-चार वर्षांचे असेल तर त्याला मांडी घालून किंवा उकिडवे बसवून पाहावे. थंडीत, लाजेने किंवा गार हात लागला की गोळी वर पळते. उबेत ती खाली येते, आणि हाताने खाली आणली तर थोडा वेळ पिशवीत राहते. ही मागेपुढे होणारी गोळी आहे. तिला ऑपरेशन लागत नाही. मात्र अशा मुलाला वर्षातून एकदा डॉक्टरांना दाखवत जावे, कारण काहींमध्ये ती पुढे कायमची वर जाऊन बसते.

आप्पांनाही मी त्या दिवशी विचारले होते, "घरात नातू आहे ना दहा महिन्यांचा? त्याचे कोणी पाहिले का?" आप्पा माझ्याकडे पाहतच राहिले. पिल्लाला तीन ठिकाणी दाखवले, नातवाचे कोणाच्या मनातही आले नव्हते. दुपारी सूनबाई बाळाला घेऊन आली. माझ्या टेबलावर एकच गोळी लागली. तिचा चेहरा उतरला. मी तिला सांगितले, उद्या न्हाणे झाल्यावर आजीला पाहायला सांग आणि तशीच घेऊन ये. दुसऱ्या दिवशी दुपट्यात गुंडाळलेले ऊबदार बाळ आले. दोन्ही गोळ्या जागेवर होत्या. आदल्या दिवशी माझेच हात गार होते.

ऑपरेशन केव्हा?

सहा महिन्यांनंतरही गोळी पिशवीत नसेल तर मुलाला लहान मुलांच्या सर्जनला दाखवावे आणि ऑपरेशन सहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान, शक्यतो वर्षाच्या आसपास करावे. पाठवण्याआधी सोनोग्राफीची गरज नसते. सर्जनचा हात जे सांगतो त्यात तिने सहसा भर पडत नाही, आणि सोनोग्राफीत दिसली नाही म्हणून गोळी नाहीच असेही ठरत नाही. हार्मोनच्या इंजेक्शनांची शिफारस अमेरिकेच्या यूरॉलॉजी संघटनेने २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत केलेली नाही.

पिल्लात आणि पोरात इथे मोठा फरक आहे. पिल्लाच्या गोळ्या काढतात, कारण त्याची पैदास थांबवायची असते. मुलाची गोळी जपून खाली आणतात आणि पिशवीत टाके घालून बसवतात. बहुधा मूल त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जाते. गोळी पोटात फार वर असेल तर दुर्बिणीने, कधी दोन टप्प्यांत हे काम करतात.

लवकर करण्याची कारणे तीन. पहिले, उष्णतेत राहिलेल्या गोळीतल्या शुक्राणू बनवणाऱ्या पेशी पहिल्या-दुसऱ्या वर्षापासूनच कमी होऊ लागतात. एका बाजूचा दोष असणारे बहुतेक पुरुष बाप होतात, पण दोन्ही बाजूंचा दोष राहून गेला तर ती आशा फार कमी होते. दुसरे, अशा मुलांत त्याच बाजूला हर्निया असण्याचा आणि गोळीला पीळ बसण्याचा संभव असतो. तिसरे कारण कर्करोगाचे. स्वीडनमध्ये असे ऑपरेशन झालेल्या सुमारे सतरा हजार पुरुषांची पाहणी २००७ साली प्रसिद्ध झाली. तेरा वर्षांच्या आत ऑपरेशन झालेल्यांना गोळीच्या कर्करोगाचा धोका सर्वसामान्यांच्या सुमारे दुप्पट होता, तेराव्या वर्षानंतर झालेल्यांना पाचपटींहून अधिक. घाबरू नये, मुळात हा कर्करोग आपल्याकडे विरळ आहे आणि लवकर कळला तर बहुधा पूर्ण बरा होतो. पण ऑपरेशन झालेल्या मुलाला वयात आल्यावर महिन्यातून एकदा स्वतःची गोळी चाचपून पाहायला शिकवावे. कठीण गाठ किंवा वाढलेला आकार जाणवला तर लगेच दाखवावे.

वय निघून गेले असेल तरी दाखवावेच. दहा वर्षांच्या, पंधरा वर्षांच्या मुलालाही ऑपरेशनचा उपयोग असतो. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे तपासणी पथक येते. त्या डॉक्टरांना ही शंका आईबापांनी स्वतः सांगावी. मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि साताऱ्याचे जिल्हा रुग्णालय आपल्याला लांब नाही. तिथे लहान मुलांच्या सर्जनचा वार कोणता, एवढे आधी विचारून जावे.

दोष कोणाचा?

कुत्र्याच्या बाबतीत आईबापाचे रक्त पाहा असे मी वर लिहिले. ते वाचून कोणी सुनेच्या माहेराकडे बोट दाखवू नये. माणसात या दोषामागे अनेक कारणे एकत्र असतात. बापाला किंवा भावाला असा दोष असेल तर मुलात शक्यता थोडी वाढते, दिवस अपुरे असले किंवा वजन कमी असले तर बरीच वाढते. बहुतेक घरांत आधी कोणालाही हा त्रास झालेला नसतो. गरोदरपणी ग्रहण पाहिले, चुकीचे खाल्ले, यांपैकी कशाचाही याच्याशी संबंध नाही. बाळाचे हे अंग पाहणे आणि त्याविषयी मोठ्याने बोलणे एवढेच घरच्यांच्या हातात आहे, आणि तेवढे पुरते.

आप्पांच्या पिल्लाचे सांगायचे राहिले. विकणाऱ्याने तंटा न करता पाच हजार परत दिले आणि त्या जोडीचे पुढचे वेत न घेण्याचे कबूल केले. दुसरी गोळी शेवटपर्यंत उतरली नाही. आठव्या महिन्यात दोन्ही काढल्या. पोटातली हरभऱ्याएवढी निघाली. त्याचे नाव तुफान ठेवले आहे. यंदा बागेत रात्री कोणी पाऊल ठेवत नाही. मागच्या आठवड्यात आप्पा रक्तदाब तपासायला आले तेव्हा बरोबर शेजारची एक तरुण आई होती, कडेवर चार महिन्यांचा मुलगा.

"डॉक्टरसाहेब," आप्पा म्हणाले, "हिच्या आज्जीसासूनं न्हाऊ घालताना बघितलंय. डावीकडं लागत न्हाई म्हनतीया."

मी हात गरम पाण्याने धुतले आणि पाहिले. गोळी जांघेत होती. अजून दोन महिने वाट पाहायची आणि मग मिरजेला पाठवायचे, अशी तारीख घालून चिठ्ठी लिहून दिली. ती चिठ्ठी तिने बाळाच्या लसीकरणाच्या कार्डाला पिन मारून ठेवली आहे.